रक्तात बुरशी, आणि रिपोर्टवरचा तो ‘आर’

पत्र बरंच मोठं आहे, त्यातला गाभा इथे देते.

«बाबा ६२ वर्षांचे. निफाडजवळ आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. आतडं फुटलं म्हणून रात्रीच नाशिकला नेलं. ऑपरेशन झालं, पोटात पू होता. आज १९ वा दिवस, अजून आयसीयूतच आहेत. मधे व्हेंटिलेटरवर होते, आता दिवसा काढतात आणि रात्री लावतात. अँटिबायोटिक तीनदा बदलली तरी ताप उतरेना. परवा डॉक्टरांनी बोलावून सांगितलं, रक्तात बुरशी सापडलीय, कॅन्डिडा ऑरिस. फ्लुकोनॅझोलला रेझिस्टंट. आता मायकाफंजिन नावाचं इंजेक्शन रोज एकदा देतात. बाबांना कोपऱ्यातल्या खोलीत हलवलंय, दारावर पाटी लावलीय, आत जाताना गाऊन घालायला लावतात. आत्या म्हणते फंगल म्हणजे खाज, मलम लावलं की जातं. कृषी केंद्र चालवणारा चुलतभाऊ म्हणतो रेझिस्टन्स आला म्हणजे आता कुठलंच औषध लागू पडणार नाही, मुंबईला हलवा. बाबांनी गेल्या वर्षी नायट्यासाठी दोन महिने फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि तीस वर्षं बागेत भुरीची, म्हणजे वेलीवरच्या बुरशीची, औषधं मारलीत. त्यामुळे झालं का? की हॉस्पिटलने दिलं? आईला शुगर आहे, ती रोज त्यांचा हात धरून बसते. वहिनीला सहावा महिना आहे. छाटणी तोंडावर आलीय आणि भाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसून आहे. खरं काय ते सांगा. आणि मला अहोजाहो करू नका, मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे.»

बरं, नाही करत.

तुझं पत्र आलं त्या रात्रीच मी तुला मेलवर दोन ओळी पाठवल्या होत्या: चालू आहे ते इंजेक्शन बरोबर आहे, आणि मानेतल्या मोठ्या शिरेत घातलेली नळी बदलली का तेवढं सकाळी विचार. बाकीचं सविस्तर इथे लिहिते. असाच रिपोर्ट हातात घेऊन महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या आयसीयूबाहेर रोज कुणीतरी उभं असतं, आणि डॉक्टरांना समजावून सांगायला पाचच मिनिटं मिळतात.

मी आयसीयूची डॉक्टर नाही. माझी सारी नोकरी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये गेली. तुम्हाला जो कागद मिळतो तो आमच्याकडून जातो. म्हणून आधी कागदाबद्दल बोलते, कारण तुझ्या चुलतभावाने त्यावरचा एक ‘आर’, म्हणजे रेझिस्टंट, वाचला आणि सगळा निकाल लावून टाकला.

आत्याची शंका आधी मिटवू. नायटा, गजकर्ण, बोटांच्या बेचक्यातली खाज हीसुद्धा बुरशीच, पण ती कातडीच्या वरच्या थरात राहते आणि रक्तात उतरत नाही. कॅन्डिडा ही वेगळ्या जातीची. पावात घालतात त्या यीस्टची लांबची भावकी म्हण. आपल्यातल्या पुष्कळ जणांच्या तोंडात आणि आतड्यात तिचे भाऊबंद जन्मभर गुण्यागोविंदाने राहतात. रक्तात मात्र तिचं काहीही काम नाही. लघवीत किंवा व्हेंटिलेटरच्या नळीतल्या बेडक्यात कॅन्डिडा सापडली तर आम्ही लगेच घाबरत नाही, बऱ्याचदा ती तिथे नुसती बसलेली असते. रक्ताच्या एका बाटलीत जरी निघाली तरी मात्र ‘चुकून आली असेल’ असं कुणी म्हणत नाही, उपचार सुरूच करायचे. आणि २०२१ मध्ये कोविडनंतर आपल्याकडे ज्या काळ्या बुरशीने लोकांचे डोळे आणि जबडे गेले, ती म्युकर. ती ही नव्हे. गावात कुणी तसं बोलायला लागलं तर थांबव.

आता हा रिपोर्ट तयार कसा होतो ते सांगते. बाबांचं रक्त काढून खास बाटल्यांत भरतात, एका बाटलीत ८ ते १० मिली. त्या बाटल्या मशीनमध्ये ऊबेत ठेवतात, पाच दिवस वाट बघतात. आत काही वाढायला लागलं की मशीन ओरडतं. आम्ही एक थेंब काचेवर पसरतो, रंगवतो, सूक्ष्मदर्शकाखाली धरतो. जंतू असले तर बारीक ठिपके नाहीतर काड्या दिसतात. बुरशी असली तर त्यांच्या कितीतरी पट मोठे, जांभळे, लांबट गोल दाणे, आणि एखाद्या दाण्याला बाजूने कोंब फुटलेला. इतकी वर्षं बघूनही तो कोंब दिसला की माझा हात आधी फोनकडे जायचा. रात्रीचे दोन असले तरी आयसीयूला कळवायचं, कारण अशा रुग्णाला बुरशीचं औषध जितकं उशिरा सुरू होतं तितकी त्याची बाजू पडत जाते.

पण ‘यीस्ट दिसली’ एवढ्याने भागत नाही, जात कळायला हवी. आणि ऑरिसने तिथेच आम्हा लॅबवाल्यांना बरीच वर्षं फसवलं. २००९ मध्ये जपानमध्ये एका सत्तर वर्षांच्या बाईच्या कानात ती पहिल्यांदा ओळखली गेली. लॅटिनमध्ये ऑरिस म्हणजे कान, नाव त्यावरून पडलं. २०१३ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या डॉ. अनुराधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतल्या रुग्णांमध्ये ती असल्याचं प्रसिद्ध केलं. जात ओळखणारी बहुतेक लॅबमधली मशीन तोवर तिला कॅन्डिडा हेम्युलोनी म्हणत होती, आणि आम्ही मशीन सांगेल ते टाईप करून सही करत होतो. मीही केलीय. कपाटातल्या जुन्या नमुन्यांची पुढे फेरतपासणी केली तेव्हा त्यातल्या काही ‘हेम्युलोनी’ ऑरिस निघाल्या. कुणाचं काही बिघडलं का ते आता काढता येणार नाही, पण ते कागद अजून आठवतात. आता मॅल्डी नावाचं यंत्र आहे, ते सहसा चुकत नाही. तुझ्या बाबांच्या रिपोर्टवर ऑरिस स्पष्ट लिहिलंय, म्हणजे तुमच्या हॉस्पिटलच्या लॅबने काम नीट केलंय. ही साधी गोष्ट नाही.

आता तो ‘आर’. रिपोर्टवर औषधांच्या नावापुढे ‘एस’ म्हणजे बुरशी त्याला दबते, ‘आर’ म्हणजे दबत नाही. तुझ्या चुलतभावाने फ्लुकोनॅझोलपुढचा ‘आर’ बघितला. खाली दोन ओळी आणखी असतील, त्या बघितल्या का? मायकाफंजिन किंवा कॅस्पोफंजिनपुढे काय आहे? अँफोटेरिसिनपुढे?

चुलतभावाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, एवढं मान्य करायला हवं. माणसाच्या पोटात द्यायची अँटिबायोटिक डझनावारी आहेत, बुरशीची औषधं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. याचं कारण असं, की जंतूची पेशी आपल्यापेक्षा पार वेगळी असते, त्यामुळे त्याला मारताना आपल्याला धक्का न लावणं सोपं. बुरशीची पेशी आपल्या पेशीच्या नात्यातली आहे. वेगळेपण थोडंच, वार करायला जागाही थोड्याच. आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं, तिच्यात एर्गोस्टेरॉल. फ्लुकोनॅझोल ते बनू देत नाही. अँफोटेरिसिन त्या एर्गोस्टेरॉललाच चिकटून पेशी मारतं, पण त्यात आपल्या किडनीलाही चटका बसतो. २०२१ मध्ये त्याच्यासाठी लोक वणवण फिरले ते तुला आठवत असेल. तिसरा गट मायकाफंजिन, कॅस्पोफंजिन, ॲनिड्युलाफंजिन यांचा. हे बुरशीच्या बाहेरच्या भिंतीवर घाव घालतात. आपल्या पेशीला भिंतच नसते, म्हणून ही औषधं अंगाला बरीच सोसतात.

ऑरिस फ्लुकोनॅझोलला जवळजवळ सगळीकडेच दाद देत नाही. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत शंभरातले ९० च्या आसपास फ्लुकोनॅझोलला ‘आर’ होते, ३० च्या आसपास अँफोटेरिसिनला, आणि तिसऱ्या गटाला ५ पेक्षा कमी. म्हणजे तुझ्या चुलतभावाला धक्का देणारा तो ‘आर’ आमच्यासाठी अपेक्षितच होता, तो नसता तर मी पुन्हा तपासलं असतं. बाबांना मिळतंय ते तिसऱ्या गटातलं औषध, आणि सुरुवात त्यानेच करायची असते. मोठ्या माणसाला मायकाफंजिनचा नेहमीचा डोस दिवसाला १०० मिलीग्रॅम, शिरेतून, एकदाच. तू ‘रोज एकच का देतात’ असं विचारलं होतंस. एकच असतं.

तिन्ही गटांना न दबणारी ऑरिसही जगात सापडलीय, पण ती विरळा. रिपोर्टच्या खालच्या ओळी वाच म्हणते ते त्यासाठीच. आणि औषध चालू असतानाही ती नवा डाव टाकू शकते, म्हणून रक्त पुन्हापुन्हा तपासतात.

मेलवरच्या त्या दोन ओळींत मी मानेतल्या नळीचं लिहिलं होतं. तुला ते किरकोळ वाटलं असेल, पण माझ्या लेखी ते इंजेक्शनच्या बरोबरीचं आहे. तुमच्या बागेत ठिबक सिंचन आहे, तेव्हा तुला हे पटकन कळेल. ठिबकच्या नळीत हात घातलास तर आतून बुळबुळीत थर लागतो. नुसतं पाणी जोरात सोडून तो जात नाही, ॲसिड सोडावं लागतं. मानेतल्या सेंट्रल लाइनच्या आतबाहेर बुरशी असाच थर धरते. त्या थरात दडलेल्या बुरशीपर्यंत औषध नीट पोहोचत नाही, आणि नळीत ॲसिड सोडायची तर सोय नाही. म्हणून नळी काढायची, लागलीच तर दुसऱ्या जागी नवी घालायची. कधीकधी रुग्ण इतका नाजूक असतो की डॉक्टर एकदोन दिवस थांबतात, त्यांच्याकडे त्याचं कारण असेल. पण विचारायचं. ‘नळी कधी घातली, आता तिची गरज आहे का, बदलली का?’ लघवीच्या नळीचंही तेच. गरज संपली की अंगातली एकेक नळी निघत गेली पाहिजे.

ती आली कुठून, यावर तू तीन वेळा लिहिलंयस, म्हणून तेही बघू. बाबांच्या अंगावर एकाच वेळी काय काय होतं बघ: आतडं फुटलेलं, पोटाचं मोठं ऑपरेशन, मानेत नळी, शिरेतून दिलेलं अन्न, व्हेंटिलेटर, आणि तीन तगडी अँटिबायोटिक. आयसीयूत बुरशी रक्तात जायला जे जे लागतं ते सगळं एका खाटेवर जमलं होतं. अँटिबायोटिकनी पोटातला जंतुसंसर्ग आवरला, त्याशिवाय बाबा तिसरा दिवस बघू शकले नसते. पण त्यांनी चांगले-वाईट सगळेच जंतू झोडपले, आणि मोकळ्या झालेल्या रानात बुरशीने पाय पसरले. म्हणून अँटिबायोटिक दिली ही चूक नव्हती. ती गरजेपेक्षा एक दिवस जास्त चालू राहू नयेत, हे मात्र खरं, आणि ‘अजून चालू का आहेत?’ हा प्रश्न विचारायचा तुला हक्क आहे.

ऑरिस मात्र बाकीच्या कॅन्डिडांपेक्षा एका बाबतीत वेगळी आहे. तिचा ओढा आतड्यापेक्षा कातडीवर जास्त. काखेत, जांघेत ती निवांत बसते, तिथून खाटेच्या कठड्यावर, बीपीच्या पट्ट्यावर, मॉनिटरच्या बटणांवर जाते आणि कोरड्या पृष्ठभागावरही आठवडेच्या आठवडे टिकते. ऑक्सफर्डच्या एका हॉस्पिटलमध्ये एका आयसीयूशी संबंधित सत्तर रुग्णांमध्ये ती सापडत गेली, हात धुणं वगैरे सगळं पाळूनही थांबेना. शेवटी सापडली काखेत लावायच्या तापमापकांवर, एका रुग्णाचं काढून दुसऱ्याला लावायच्या. ते वापरातून काढले तेव्हा साथ आवरली. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा आमच्या लॅबमधली एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आपल्याकडे तर एक तापमापक अख्खा वॉर्ड फिरतो.’ आम्ही हसलो, आणि मग कुणीच हसलं नाही.

म्हणजे हो, बाबांना ती बहुधा हॉस्पिटलमध्येच लागली. नायट्याच्या गोळ्यांनी नाही. ऑरिस बाबांच्या अंगावर आली तेव्हा आधीच फ्लुकोनॅझोल पचवून आली होती, तिला बाबांनी काही शिकवलं नाही. (मेडिकलवाल्याने दिल्या म्हणून दोन महिने त्या गोळ्या खाणं चूकच होतं, पण ते भांडण वेगळं, ते घरी आल्यावर कर.) आणि हॉस्पिटलमध्ये लागली म्हणजे कुणी हलगर्जी केली असंच नव्हे. २०११-१२ मध्ये देशातल्या २७ आयसीयूंमध्ये पाहणी झाली होती, चंदीगडच्या पीजीआय या सरकारी वैद्यकीय संस्थेच्या पुढाकाराने. रक्तात कॅन्डिडा असलेले १४०० रुग्ण त्यात होते, दर हजार भरतीमागे साधारण साडेसहा. ऑरिस त्यातल्या ७४ जणांत होती, पण २७ पैकी १९ आयसीयूंमध्ये. सरकारी आणि खाजगी, दोन्हींकडे. एखादं हॉस्पिटल ‘आमच्याकडे नाही’ म्हणालं तर मला आधी त्यांच्या लॅबची शंका येते.

त्यामुळे भांडायला जाऊ नकोस, विचारायला जा. आजूबाजूच्या खाटांवर कुणाला आहे का? बाबांचा बीपीचा पट्टा आणि तापमापक त्यांचाच आहे ना? फरशी आणि कठडे क्लोरीनच्या पाण्याने पुसतात का? हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण वॉर्डात पुसायला वापरतात त्या पुष्कळ सुवासिक निळ्यागुलाबी द्रावणांना ऑरिस जुमानत नाही. खोली वेगळी दिली, पाटी लावली, गाऊन घालायला लावतात, हे सगळं योग्य चाललंय. आई त्या पाटीला ‘वाळीत टाकलं’ म्हणते असं तू लिहिलंयस. तिला सांग, ती पाटी शेजारच्या खाटेवरच्या माणसासाठी आहे.

भुरीच्या औषधांबद्दल तू भीतभीत विचारलंस, पण प्रश्न चांगला आहे. हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल. डब्यावरची ही नावं आणि फ्लुकोनॅझोल, सगळ्यांची शेपटी एकच आहे ना? एकाच कुळातली आहेत, बुरशीवर वारही एकाच जागी करतात. तेच तेच औषध मारत राहिलं की भुरी ऐकेनाशी होते, म्हणून बाबा आलटून पालटून मारत असतील. रेझिस्टन्स म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. ॲस्परजिलस नावाच्या दुसऱ्या एका बुरशीबाबत शेतातल्या फवारणीमुळे दवाखान्यातली औषधं निकामी होतात असा धागा जुळलेला आहे, नेदरलँड्समध्ये त्यावर पुष्कळ काम झालंय. ऑरिसबाबत तसा धागा सिद्ध झालेला नाही. डॉ. चौधरींच्याच गटाला ती २०२१ मध्ये अंदमानच्या किनाऱ्यावर आणि खाजणात सापडली. माणसांचा वावर नसलेल्या खाजणातल्या एका नमुन्यावर औषधं चालत होती. पुढे त्यांना ती साठवणीतल्या सफरचंदांवरही दिसली. शास्त्रज्ञ त्या वाटेने शोध घेताहेत. पण बाबांनी फवारलं म्हणून बाबांच्या रक्तात आली, असं म्हणायला काडीचाही आधार नाही. हे भावाला मोठ्याने वाचून दाखव, कारण माझा अंदाज आहे की पायरीवर बसून तो हाच हिशेब करत असणार.

आई आणि वहिनी. धडधाकट माणसाला ऑरिस सहसा काही करत नाही, तिला आजारी, नळ्या घातलेलं शरीर लागतं. आईची शुगर आहे, पण नुसत्या हात धरण्याने तिला काही व्हायचं नाही. तिला बसू दे. आत जाताना गाऊन, बाहेर येताना गाऊन काढून हाताला सॅनिटायझर चोळायचं, तळहात, बोटांच्या बेचक्या, नखं, वाळेपर्यंत. अल्कोहोलच्या सॅनिटायझरने ऑरिस मरते. हात उघड्या डोळ्यांना मळलेले दिसत असतील तर साबणाने धुवायचे. पर्स, मोबाईल खाटेवर टेकवायचा नाही, आणि शेजारच्या खाटेवरच्या ओळखीच्या आजींना भेटायला तसंच जायचं नाही. वहिनीने आयसीयूत येऊ नये, तेही या बुरशीमुळे नव्हे, सहाव्या महिन्यात तिथे येऊन तासन् तास उभं राहण्यात काही अर्थ नाही म्हणून. व्हिडिओ कॉलवर बोलू दे.

मुंबईला हलवू का? मी तुझ्या जागी असते तर आत्ता नाही. जात ओळखली गेलीय, बरोबर औषध चालू आहे, वेगळी खोली आहे. रात्री व्हेंटिलेटर लागणाऱ्या माणसाला इगतपुरी-कसारा करत ॲम्ब्युलन्समधून नेणं हा स्वतःच एक धोका आहे, आणि तिकडेही हेच इंजेक्शन मिळणार. त्याऐवजी तिथल्या डॉक्टरांना सांग की एखाद्या संसर्गरोगतज्ज्ञाचं फोनवर मत घ्यायला आमची हरकत नाही. चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत. औषध मिळेनासं झालं, किंवा पाच-सहा दिवसांनीही रक्तात बुरशी निघतच राहिली आणि ती कुठे दडलीय हे शोधायची सोय तिथे नसली, तर मग विचार बदलायचा.

हॉस्पिटलचे डॉक्टर रोज बोलतात तेव्हा सगळ्यांनी घोळका करून उभं राहू नका. तू किंवा भाऊ, एकच जण, वही घेऊन. वहीत तारीख टाकायची आणि पुढे रक्त कधी घेतलं आणि काय निघालं ते. दर एकदोन दिवसांनी रक्त कल्चरला, म्हणजे त्या बाटल्यांच्या तपासणीला, जायला हवं, ते पहिल्यांदा कोरं आलं, म्हणजे त्यात बुरशी निघाली नाही, तो दिवस वहीत गोल करून ठेव, कारण औषधाचे १४ दिवस त्या दिवसापासून मोजतात, इंजेक्शन सुरू झालं तिथपासून नव्हे. पुष्कळ नातेवाईक इथेच गडबडतात, ताप गेला की ‘आता महागडं इंजेक्शन बंद करा’ म्हणतात. एकदा कोरं आलं म्हणून हुरळूनही जायचं नाही. बुरशी खोलवर बसलेली असतानाही रक्ताची तपासणी पुष्कळदा तिला पकडू शकत नाही, म्हणून पुन्हा घेतात. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध घालून बाहुली मोठी करून आतला पडदा बघितला का, हे नक्की विचार. रक्तातली बुरशी डोळ्यात जाऊन बसते, आणि मायकाफंजिन तिथे जेमतेम पोहोचतं. बाबा गुंगीत आहेत, दिसत नाही म्हणून ते सांगणार नाहीत. हृदयाच्या झडपांसाठी टूडी इको झाला का तेही.

पैशांचंही तू पत्रात लिहिलंस, लाजल्यासारखं. लाजण्यासारखं काही नाही, ही इंजेक्शनं महाग आहेत. पण आपल्या देशात ती अनेक कंपन्या बनवतात आणि एकाच औषधाच्या किमतीत मोठा फरक असतो. डॉक्टरांना सरळ विचार, ‘यातलं स्वस्त आणि तुम्हाला चालेल असं कुठलं?’ हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना गाठ, उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन. हॉस्पिटल जन आरोग्य योजनेत असेल तर त्या योजनेचा माणूसही तिथेच कुठेतरी बसत असतो. ‘आधी भरलेलं बिल परत मिळत नाही’ असं सांगतात, म्हणून उद्याच जा.

खरं सांगा म्हणालीस. सांगते. मी वर सांगितलेल्या पाहणीत रक्तात कॅन्डिडा निघालेल्यांपैकी शंभरातले सुमारे ४५ जण महिन्याभरात गेले. आकडा मोठा आहे. पण त्याच अभ्यासाने बुरशीचा स्वतःचा वाटा वेगळा काढला तेव्हा तो २० च्या आसपास निघाला. बाकीचे ज्या आजाराने आयसीयूत आले होते त्याने गेले. म्हणजे बाबांचं पुढचं बरंचसं त्यांच्या पोटावर, किडनीवर, फुप्फुसांवर अवलंबून आहे. दिवसा व्हेंटिलेटर काढतात हे तू पत्रात जाताजाता लिहिलंयस. मी ते वाक्य दोनदा वाचलं. तुझ्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी तीच होती.

घरी आले की त्यांच्या कातडीवर ऑरिस काही महिने राहू शकते. त्याने घरच्यांना काही होत नाही. टॉवेल वेगळा, पोटावरची पिशवी (आतड्याच्या ऑपरेशननंतर शौचासाठी लावतात ती) किंवा जखम हाताळली की हात साबणाने, कपडे नेहमीसारखे धुवायचे, ताट-वाटी वेगळी काढायची गरज नाही आणि नातवंडाला मांडीवर घेतलेलं चालतं. एक काम मात्र आजच कर. बाबांच्या फाईलच्या पहिल्या पानावर, वर, लाल पेनने लिही: ‘कॅन्डिडा ऑरिस सापडली होती’, आणि तारीख. पोटावरची पिशवी बंद करायचं ऑपरेशन पुढे कुठेही झालं, अगदी साध्या दवाखान्यात सलाईन लावायला नेलं, तरी खाटेवर झोपवायच्या आधी ते पान सिस्टरना दाखवायचं. खाट मिळणार नाही या भीतीने पुष्कळ जण ते पान मागे सरकवतात. तू सरकवू नकोस.